पोहता न येणाऱ्या आई-वडिलांना वायकिकीच्या पाणबुडीत न्यावं का?

तुमचे आई-बाबा सत्तरीचे, दोघांनाही पोहता येत नाही. मग हवाईतल्या वायकिकी किनाऱ्यावरची पर्यटकांची पाणबुडी झेपेल का, कान दुखतील का आणि 2023 मध्ये खोल समुद्रात चिरडलेल्या ‘टायटन’ पाणबुडीसारखं काही होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

खुशाल न्या. माझे आई-बाबाही पाण्याला बिचकणारेच, पण दोघांनाही मजा आली. फक्त त्यांचे गुडघे कसे आहेत ते आधी बघा, कारण खरी कसोटी शिडीवर लागते. धक्क्यावरून आधी लाँचने समुद्रात नेतात. तिथे पाणबुडी वर येते आणि लाटांवर डुलणाऱ्या लाँचमधून तिच्यावर जायचं. मग शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत आत उतरायचं. साडी नकोच. आत बाथरूमही नाही, तेव्हा आधीच उरकून घ्या. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी.

कानांची काळजी सोडा. 30 मीटरवर बाहेर दाब चौपट होतो, पण तो पाणबुडीचं कवच झेलतं. आत जमिनीवरचीच हवा. दडे बसत नाहीत.

‘टायटन’ कार्बन फायबरची होती, टायटॅनिक पाहायला सुमारे 3,800 मीटर खाली जाणारी, आणि तिला जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या कुठल्याही वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र नव्हतं. वायकिकीची पाणबुडी बॅटरीवर चालते, जेमतेम तीसेक मीटर जाते. मुळात तिची घडणच वर तरंगण्याची, खाली ठेवायला यंत्रं चालवावी लागतात; यंत्रं बंद पडली की पाणबुडी आपोआप वर येते. धोका शून्य असं मात्र मी म्हणणार नाही: मार्च 2025 मध्ये इजिप्तच्या हुरघाडाजवळ पर्यटकांची पाणबुडी बुडून सहा जण गेले.

माहितीपत्रकातले भडक रंग मनात धरून जाऊ नका. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे खाली सारं निळं-करडं. आईच्या कपाळावरचं कुंकू काळपट दिसायला लागलं, तेव्हा बाबा खिडकी सोडून तिच्याकडेच बघत बसले! पण 1989 मध्ये मुद्दाम बुडवलेलं वायओ-257 हे नौदलाचं तेलवाहू जहाज समोर आलं की बघत राहावं असं आहे. कासवं त्याच्या डेकवर निवांत पसरलेली असतात. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेत स्वतःचंच तोंड दिसेल.

गुडघे अगदीच साथ देत नसतील तर काचेच्या तळाची बोट बघा. इतकं खोलवरचं दिसणार नाही, पण निदान ती शिडी तरी नाही.