मैदानी खेळांसाठी कॅमेरा घेताय? आधी लेन्स ठरवा

बजेटचा मोठा वाटा लेन्सवर घाला, बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) जुनी चालेल. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये सीमारेषेबाहेरून फलंदाज साधारण साठ मीटरवर असतो. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ३०० एमएमची लेन्स लावली (एमएमचा आकडा मोठा, तितकं दूरचं मोठं दिसतं) तर आडव्या फ्रेममध्ये तो अर्ध्याहून थोडी जास्त उंची व्यापतो. २०० एमएमवर जेमतेम एक तृतीयांश. म्हणून क्रिकेटला ७०-३०० एमएमची झूम बरी. फुटबॉल, कबड्डीला मात्र ७०-२०० एफ २.८ ला तोड नाही (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त). नवी परवडत नसेल तर जुनी घ्या, पण आधी मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत हा रोग फार.

खरी परीक्षा संध्याकाळी. ऊन उतरलं की एफ ५.६ आणि १/१००० सेकंद शटरला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० लागतो, तिथे एफ २.८ वर ८०० त भागतं. नवखे आयएसओला घाबरून शटर १/२५० वर आणतात आणि बॅट, हात सगळं पुसट येतं. जास्त आयएसओचे दाणे चालतील, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

बॉडी घेताना सेकंदाला किती फ्रेम याच्यासोबत बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) किती वेळ टिकतो तेही तपासा. रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) दोन सेकंदांत कॅमेरा अडकला, तर नेमका स्टंप उडताना हातात काही नाही. स्वस्त कार्डाने हे हमखास होतं. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत, तर बऱ्याच बॉडींत बॅट केळ्यासारखी वाकडी दिसते, मेकॅनिकलच ठेवा. फोकस सततचा (हलत्या खेळाडूमागे जाणारा) ठेवा, आणि मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) विसरू नका.