‘कॅच-२२’ नेमके कोणत्या पेचाला म्हणावे?

प्रश्न : आमच्या कार्यालयात काही विचित्र घडले किंवा दोन्हीकडून अडचण आली, की ‘ही कॅच-२२ सिच्युएशन आहे’ असे सर्रास म्हटले जाते. पावसाने लोकल बंद पडल्या, तरी हेच ऐकू येते. या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय, त्यातला आकडा कशाचा, मराठीत त्याला पर्याय आहे का आणि एखाद्या निवेदनात तो लिहावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लोकल बंद पडणे हा खोळंबा झाला, त्याला कॅच-२२ म्हणता येणार नाही. सुटकेची वाट ज्या नियमाने दाखवली, त्याच नियमाने ती बंदही केली असेल, तरच हा शब्दप्रयोग लागू पडतो.

तो आला अमेरिकी लेखक जोसेफ हेलर यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीतून. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते आणि कॉर्सिका बेटावरून त्यांनी ६० मोहिमा केल्या होत्या. कादंबरीतली तुकडी इटलीजवळच्या पियानोसा बेटावर आहे. तिथे मोहिमांची ठरलेली संख्या पुरी होत आली, की वरिष्ठ अधिकारी ती वाढवतो. वेड लागलेल्याला उड्डाणातून मोकळे करावे, असा नियम मात्र असतो. म्हणून नायक योसेरियन आपल्या ऑर नावाच्या सोबत्याविषयी डॉक्टरांना विचारतो. ऑर वेडा आहे हे डॉक्टर लगेच मान्य करतात, कारण इतक्यांदा मरता मरता वाचूनही तो उडतोच आहे. त्याने फक्त तशी मागणी करायला हवी. पण मागणी केली, की त्याला जिवाची काळजी आहे हे सिद्ध होते, म्हणजे तो शहाणा ठरतो, आणि शहाण्याला उडावेच लागते. या मेखेचे नाव कॅच-२२. आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. १९५५ साली पहिले प्रकरण छापले गेले तेव्हा ते ‘कॅच-१८’ होते. पुढे लिऑन युरिस यांची ‘मिला १८’ ही कादंबरी त्याच सुमारास येत असल्याने आकडा बदलावा लागला.

कादंबरीच्या उत्तरार्धातला एक प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रोममध्ये शिपाई एका घरातल्या मुलींना हुसकावून लावतात आणि कॅच-२२ने आपल्याला तो अधिकार आहे, असे सांगतात. नियम दाखवा म्हटल्यावर, तो दाखवण्याची गरज नाही असेही त्याच नियमात आहे, असे उत्तर मिळते. म्हणजे या शब्दात केवळ तर्काचा गुंता नाही, सत्तेचा हातही आहे.

मराठीत याच्या अगदी जवळ जाणारी म्हण आहे : ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.’ अटींचा फेरा तोच आणि योगायोगाने विषयही वेडाचाच. फरक एवढाच, की म्हणीतली अट कोणा अधिकाऱ्याने घातलेली नाही. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही म्हण मात्र इथे चालणार नाही, कारण तिथे दोन वाईटांतून एक निवडावे लागते. ‘दुष्टचक्र’ही वेगळे, कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढणारा माणूस फेऱ्यागणिक अधिक खोल जातो, तर कॅच-२२मध्ये अडकलेला आहे तिथेच राहतो.

आपल्या रोजच्या व्यवहारातले चोख उदाहरण मोबाइलचे आहे. खात्याशी जोडलेला जुना क्रमांक बंद पडला म्हणून तो बदलायला जावे, तर बदलाला संमती देणारा ओटीपी त्याच बंद क्रमांकावर पाठवला जातो. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, ही तरुणांची तक्रारही या सदरात बसते, विशेषतः जाहिरातीत ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून पुढे अनुभवाची अट घातलेली असते तेव्हा.

बोलताना किंवा लेखात, वाचकाला संदर्भ ठाऊक असेल, तर ‘कॅच-२२’ खुशाल वापरावे. ओढूनताणून प्रतिशब्द घडवण्याची आवश्यकता नाही. निवेदनात मात्र मी तो लिहिणार नाही, कारण वाचणारा त्याचा अर्थ ‘अडचण’ एवढाच घेईल आणि नियमातला दोष झाकला जाईल. त्याऐवजी ‘पहिली अट पूर्ण करण्यासाठी दुसरी आधी पूर्ण व्हावी लागते आणि दुसरीसाठी पहिली’ असे दोन्ही अटींच्या कलमांसह लिहावे, आणि त्यांपैकी कोणती अट शिथिल करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचे लेखी उत्तर मागावे.