वाचक विचारतात : सीमेपलीकडे जाणारं कच्चं तेल

मागच्या अंकात युगांडातल्या होइमापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंतच्या कच्च्या तेलाच्या वाहिनीवर लेख होता. लांबी १,४४३ किलोमीटर, पाइप २४ इंची, त्यातले २९६ किलोमीटर युगांडात आणि बाकी टांझानियात. त्यावर सांगली-सातारा भागातून बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

आमच्या उपसा सिंचन संस्थेची रायझिंग मेन (पाणी वर चढवणारी पाइपलाइन) साडेतीन किलोमीटरची आहे. नदीकाठी जॅकवेल (पंपाची विहीर), माथ्यावर डिलिव्हरी चेंबर (पाणी पडतं तो हौद). हजार-दीड हजार किलोमीटरला पंप किती लागतात? मध्ये डोंगर आला तर? (पलूस)

तत्त्व तुमच्या रायझिंग मेनचंच आहे. पंपाचा दाब दोन ठिकाणी खर्च होतो, चढ चढण्यात आणि पाइपच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात. तुमच्याकडे चढाचा वाटा मोठा, लांब तेलवाहिनीत घर्षणाचा. म्हणून आधी सगळ्या मार्गाची उंच-सखल रेघ, म्हणजे प्रोफाइल, कागदावर काढतात. तिच्यावर दाबाची उतरती रेघ टाकतात. ही दुसरी रेघ जमिनीच्या रेघेला टेकायला आली की त्याच्या अलीकडे पुढचं पंपिंग स्टेशन घ्यायचं. होइमा-टांगा मार्गावर अशी सहा स्टेशनं आहेत. अझरबैजान, जॉर्जिया आणि तुर्कस्तान अशा तीन देशांतून जाणाऱ्या बाकू-तिबिलिसी-जेहान वाहिनीवर १,७६८ किलोमीटरला आठ.

डोंगराचा हिशेब सोपा आहे. तेलाची घनता घनमीटरला ८६० किलो धरली तर दर १० मीटर चढाला ०.८४ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब जातो, हजार मीटरला ८४ बार. बाकूची वाहिनी तुर्कस्तानात २,८०० मीटरच्या आसपास चढते. पण चढापेक्षा उतार जास्त फसवा. चढताना गेलेला दाब उतारावर परत येतो आणि पायथ्याशी पाइपला सोसवेल त्याच्या वर जाऊ शकतो. म्हणून उतरणीवर दाब कमी करणारं स्टेशन बसवतात, किंवा पाइपच बारीक करतात. त्या वाहिनीचा पाइप बहुतेक ठिकाणी ४२ इंची आहे, पण जेहान बंदराकडे उतरताना ३४ इंची केला आहे. माथ्यावर उलटा धोका असतो. तिथे दाब फार पडला तर तेलातून वाफ सुटते, पाइप अर्धवट भरलेला वाहतो आणि गळती ओळखणारी यंत्रणा गोंधळते.

लाइट गेल्यावर तुमचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) आपटतो आणि लाइन हादरते. तो झटका इथेही बसतो. सेकंदाला दीड मीटरने चाललेलं तेल एकदम अडवलं तर दाब साधारण १३ बारने उसळतो. ती लाट सेकंदाला अंदाजे एक किलोमीटर धावते, म्हणजे १०० किलोमीटरचा टप्पा जाऊन परत यायला तिला २०० सेकंद लागतात. म्हणूनच मोठ्या लाइनवरचे व्हॉल्व्ह सावकाश, काही मिनिटं घेऊन बंद होतील असे ठेवतात. ‘गळती झाली की झटक्यात बंद करा’ हे ऐकायला ठीक वाटतं, पण त्यात दुसरीकडे पाइप फुटायची भीती असते.

लेखात तेल ‘गोठतं’ असं म्हटलंय. आमच्याकडे थंडीत खोबरेल तेल गोठतं तसंच का? (वाई)

बरोबर तसंच. युगांडाच्या तेलात मेण भरपूर आहे, म्हणून ते ५० अंशांच्या वर गरम ठेवून न्यावं लागतं. पाइपभोवती फोमचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिकचं कवच आणि विजेवर तापणारी तार अशी रचना असते. आपल्याकडे राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला क्षेत्रातलं तेलही असंच मेणयुक्त आहे. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत तापत्या वाहिनीतूनच जातं.

खोबरेलची बाटली उन्हात ठेवली की काम भागतं. पुरलेल्या पाइपचं तसं नाही. वाहतं तेल थांबून थंड झालं की आत दह्यासारखं बसतं आणि ते मोडायलाच दाब लागतो. त्याचा ताठपणा समजा २० पास्कल आहे. तळहाताने सहज मोडेल असा. तरी २४ इंची पाइपच्या ५० किलोमीटर टप्प्यात ते एकदम हलवायला जवळपास ७० बार लागतात. म्हणून ‘पंप बंद पडल्यावर किती तासांत सुरू करायचा’ हा आकडा आराखड्याच्या टप्प्यावरच ठरलेला असावा लागतो. तो न ठरवता बांधलेली लाइन पहिल्याच लांबलेल्या बिघाडात अडकते.

पाइपची भिंत किती जाड असते? आणि जमिनीत पाइप गंजत नाही का? (सांगली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

जाडी म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले दोनदा पोलादाची ताकद गुणिले ०.७२ (हा सुरक्षिततेचा गुणक). पाइप ६१० मि.मी., दाब १०० बार म्हणजे १० मेगापास्कल, पोलाद एक्स-६५ प्रतीचं म्हणजे ताकद ४५० मेगापास्कल. उत्तर ९.४ मि.मी. येतं, पाइप ९.५ चा घ्यायचा. अशा १२ मीटरच्या एका पाइपचं वजन १,७०० किलोच्या आसपास भरतं. नदी, रेल्वे आणि मोठ्या रस्त्यांखाली याहून जाड भिंत घेतात.

गंजाविरुद्ध दोन थरांचं संरक्षण असतं. कारखान्यातून पाइप इपॉक्सी आणि पॉलिथिनचं आवरण घेऊनच येतो. त्यावर विजेचं संरक्षण : पाइपला बाहेरून थोडा विद्युतप्रवाह देऊन त्याचा विभव (विजेची पातळी) मातीला टेकवलेल्या तांबं-मोरचूदच्या सेलशी मोजला असता उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण ठेवतात. दर किलोमीटरला खांबावर मोजणीची जागा असते. पुणे-मिरजसारखा विजेवरचा रेल्वेमार्ग किंवा उच्चदाबाची तार शेजारून समांतर जात असेल तर पाइपमध्येही व्होल्टेज येतं. आवरण खरवडलेल्या जागी गंजही वाढतो आणि खांबाला हात लावणाऱ्याला शॉकही बसू शकतो. या व्होल्टेजचा हिशेब मार्ग ठरवतानाच करा. लाइन पुरल्यावर दुरुस्ती फार महागात जाते.

मुलाने आयटीआयतून वेल्डर ट्रेड केलाय, तीन वर्षं एमआयडीसीत फॅब्रिकेशनला आहे. परदेशातल्या पाइपलाइनवर जायचं म्हणतो. टेस्ट कसली असते? (मिरज)

हात तयार आहे, पण सवय बदलावी लागेल. शॉपमध्ये जॉब फिरवून सोयीचा करून घेता येतो. लाइनवर पाइप जागचा हलत नाही, वेल्डरच त्याच्याभोवती फिरतो. दोघे समोरासमोर बसतात आणि घड्याळाच्या बारापासून सहापर्यंत, वरून खाली, दोन्ही बाजूंनी उतरतात. परीक्षा बहुतेक ठिकाणी एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या अमेरिकन मानकाप्रमाणे होते, आणि पुष्कळदा पाइप ४५ अंशांत तिरका बांधून, म्हणजे ६जी पोझिशनमध्ये.

थर चार : रूट (सगळ्यात आतला), हॉट पास (त्यावरचा दुसरा), फिलर (भरावाचा), कॅप (वरचा). सगळा खेळ रूटमध्ये आहे. बेव्हल (कडेची तिरकी कापणी) ३० अंश, रूट फेस (कडेची न कापलेली सपाट पट्टी) आणि गॅप (दोन पाइपांमधली फट) दोन्ही साधारण १.६ मि.मी. दोन पाइपांच्या कडा एकमेकींना १.६ मि.मी. पेक्षा जास्त वर-खाली नकोत. रूट सहसा ई-६०१० या सेल्युलोज आवरणाच्या इलेक्ट्रोडने मारतात. तो झाला की ग्राइंडरने स्लॅग (वेल्डवरची खपली) काढायचा, ‘गाडीची चाकोरी’ म्हणतात त्या वेल्डच्या कडेच्या दोन खाचा उघड्या करायच्या आणि हॉट पास लगेच द्यायचा. बऱ्याच प्रोसिजरमध्ये (वेल्डिंगच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीत) त्यासाठी पाच-दहा मिनिटांचीच मुभा असते. कारण हायड्रोजन. सेल्युलोज इलेक्ट्रोडमधून तो भरपूर सुटतो. पातळ रूट थंड पडला की हायड्रोजन आत अडकतो आणि चीर पडते, तीही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. लगेच काढलेल्या एक्स-रेमध्ये जोड स्वच्छ दिसतो आणि चीर नंतर येते. रूट पूर्ण होण्याआधी दोन पाइप जुळवून धरणारा आतला क्लॅम्प सोडला किंवा साइडबूमवाल्याने (पाइप उचलणाऱ्या यंत्राच्या चालकाने) पाइप उचलला, तरी हेच होतं. घाईच्या दिवशी वेल्डरने इथे ठाम राहायला हवं. मुकादम ओरडला तरी.

इलेक्ट्रोडची गफलत बऱ्याच जणांची होते. लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड ३०० ते ३५० अंशांत भाजून गरम डब्यात ठेवायचे. ई-६०१० मात्र कधीच भाजायचे नाहीत. त्यांच्या आवरणातला ओलावा गेला की आर्क बिघडतो आणि रूटमध्ये बारीक लांबट पोकळ्या राहतात.

सराव कुठे करावा? सहा वाजताच्या जागेवर, पाइपच्या पोटाखाली. वितळलेलं लोखंड तिथे खाली ओढलं जातं आणि आतून रूट खोलगट राहतो. परीक्षेत बरेच जण तिथेच पडतात. पाइपचे दोन तुकडे जमिनीपासून दीड फुटावर बांधा आणि पाठीवर झोपून रोज एक जोड मारा. मग कापून आतून बघा. पुसून, बॅटरी लावून.

जाण्याआधी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे ना, हे स्वतः तपासा. करारात पगार, जेवण-राहणं आणि परतीचं तिकीट लिहिलेलं असल्याशिवाय पासपोर्ट हातचा देऊ नका.

सीमेवर तेल मोजतात कसं? आणि दोन देशांचं बिनसलं तर आत अडकलेलं तेल कुणाचं? (कराड)

सीमेजवळ मीटरचं स्टेशन असतं. मीटरवर भिस्त ठेवत नाहीत, त्याची परीक्षा घेतात. शेजारी नेमक्या मापाचा वळलेला पाइप असतो, त्यात रबरी चेंडू सोडतात. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चेंडू जाईतो किती तेल गेलं ते ठाऊक असतं, मीटरने किती दाखवलं ते ताडून बघतात. मग तापमान. कच्चं तेल अंशाला ०.०८ टक्क्याच्या आसपास फुगतं, म्हणून सगळे आकडे १५ अंशांवर आणून लिहितात. दिवसाला २,१६,००० बॅरल वाहत असताना थर्मामीटर १० अंशांनी चुकला तर रोज सतराशे बॅरलचा घोळ होतो.

मापाइतकाच दर्जाही महत्त्वाचा. एप्रिल २०१९ मध्ये रशियातून युरोपला जाणाऱ्या द्रुझ्बा वाहिनीत ऑरगॅनिक क्लोराइड शिरलं. मर्यादा १० पीपीएमची (दहा लाख भागांत दहा), सापडलं त्याच्या कितीतरी पट. रिफायनरीत त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि यंत्रं खाल्ली जातात. बेलारूसने ओरड केली, पोलंड-जर्मनीकडचा पुरवठा काही आठवडे थांबला. म्हणून सीमेवर तेल वाहतं असताना आपोआप नमुने घेतात. बाटल्या दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर सील होतात, एक याची, एक त्याची, आणि एक वादासाठी राखून.

आत भरलेलं तेल थोडं नसतं. २४ इंची पाइपच्या एका किलोमीटरमध्ये साधारण १,६५० बॅरल मावतात, होइमा-टांगा मार्गात चोवीस लाखांच्या आसपास. ते विकता येत नाही, लाइन चालायला आत राहावंच लागतं. हे तेल कुणाच्या नावावर, पुरवठा थांबला तर भाडं कोण भरणार, वाद कुठल्या लवादापुढे, हे सगळं खोदाईच्या आधी करारात लिहितात. बाकूच्या वाहिनीचा तीन देशांचा करार नोव्हेंबर १९९९ मध्ये इस्तंबूलला झाला. तेल बाकूहून निघालं २००५ मध्ये आणि जेहानला पोचलं २००६ मध्ये.

करार असूनही अडतं. मार्च २०२३ मध्ये लवादाने इराकच्या बाजूने निकाल दिला : बगदादच्या संमतीवाचून उत्तर इराकमधल्या स्वायत्त कुर्दिस्तानचं तेल वाहू दिल्याबद्दल तुर्कस्तानने साधारण दीड अब्ज डॉलर द्यावेत. इराकमधून तुर्कस्तानात जाणारी किर्कुक-जेहान वाहिनी बंद झाली ती सप्टेंबर २०२५ पर्यंत. पंप, पाइप धडधाकट होते. थकला होता तो करार.

पाहुण्यांच्या शेतातून पाइपलाइनची नोटीस आली आहे. जमीन जाते का? द्राक्षबाग राहते का? (तासगाव)

आपल्याकडे यासाठी १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांचा कायदा आहे. त्यात मालकी जात नाही, सातबारा तुमचाच राहतो. कंपनीला पट्ट्याखाली वाहिनी टाकण्याचा आणि देखभालीसाठी आत येण्याचा हक्क मिळतो. कलम ३ ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. हे दिवस वाया घालवू नका. मार्ग थोडा सरकवून घ्यायची संधी तेव्हाच असते, नंतर नाही. ‘आमची हरकत आहे’ एवढ्याने काही होत नाही. विहीर, बोअर, ठिबकची मेन लाइन आणि घर यांचा नकाशा जोडून ‘इकडून न्या’ असं सुचवा.

भरपाई दोन प्रकारची. पीक, झाडं आणि इतर नुकसान वेगळं, शिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

पट्ट्यावर इमारत, विहीर, तलाव, बंधारा आणि झाड लावायला मनाई आहे. ऊस, सोयाबीन, भाजीपाला घेता येतो. द्राक्षाच्या मंडपाचे अँगल आणि त्यांचे ताण खोल पुरलेले असतात, म्हणून बाग पुन्हा उभी करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘चालेल’वर जाऊ नका.

खोदाईच्या दिवशी स्वतः हजर राहा. वरची दीड-दोन फूट काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला पडला पाहिजे आणि भरताना त्याच क्रमाने आत गेला पाहिजे. मिसळली तर त्या पट्ट्यात पिकाचा जोर बरीच वर्षं येत नाही. पाइपवर निदान एक मीटर माती येते ना, खाली-वर बारीक माती घातली ना की दगडच लोटले, तेही बघा. दगडाने आवरण सोललं तर गंज तिथूनच सुरू होतो. आधीचे फोटो, तारखेसह पंचनामा आणि तोडलेल्या पाइप-चरांची यादी दोन प्रतींत करा. एक सहीनिशी आपल्याकडे ठेवा.