घरच्या नेटवर्कवर गेम स्ट्रीम करताना फ्रेमरेटला मर्यादा घालावी का? घालावी, आणि ती गेममध्येच घालावी

आपला प्रश्न असा आहे की, एका खोलीतल्या पीसीवर चालणारा गेम घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर खेळताना फ्रेमरेटला, म्हणजे गेम सेकंदाला जितकी चित्रे (फ्रेम) तयार करतो त्या संख्येला, मर्यादा घालावी का, ती कोठून घालावी, आणि स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये ६० फ्रेम निवडलेल्या असताना वेगळ्या मर्यादेची गरजच काय. मर्यादा अवश्य घालावी. अ‍ॅपमधला ६० हा आकडा सेकंदाला किती फ्रेम पाठवायच्या एवढेच ठरवतो, गेमने किती फ्रेम तयार करायच्या हे ठरवत नाही; तो गाळणीचे काम करतो, नळाचे नव्हे. एवढ्यावर थांबता आले असते, पण याच प्रश्नावरून माझ्या घरी दोन महिने वाद चालला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा पीसी माझ्या मोठ्या भावाने, दादाने, एकेक भाग निवडून जुळवलेला आहे. ग्राफिक्स कार्ड त्याने बरेच दिवस पैसे साठवून घेतले होते, आणि त्याच्या टेबलावरच्या १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा १३० च्या पुढे गेलेला पाहण्यात त्याला मनापासून आनंद वाटत असे. ‘साठवरच थांबवायचं होतं तर एवढं कार्ड घेतलं कशाला?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न होता. मी मात्र तोच गेम बाहेरच्या खोलीत, टीव्हीला जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर खेळत असे. पीसीवर चित्र पाठवणारे सनशाइन आणि लॅपटॉपवर ते दाखवणारे मूनलाइट, अशा दोन अ‍ॅपची ती व्यवस्था होती. गुहेसारख्या बंदिस्त जागेत सगळे सुरळीत चाले, पण मोकळ्या माळावर येऊन कॅमेरा फिरवला की चित्र दर दोन-तीन सेकंदांनी अडखळे.

दादाचे निदान पहिल्या दिवसापासून एकच होते: नेटवर्क. त्याच्या सांगण्यावरून मी आधी २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय सोडून ५ गिगाहर्ट्झवर आलो, मग भिंतीच्या कडेने लॅन केबल ओढून दोन्ही टोके तारेने जोडली, त्यानंतर राउटर बदलला, आणि शेवटी बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण, ४० मेगाबिटवरून १५ वर आणला. यातून घडले एवढेच की गवत आणि अंधारातली दृश्ये डागाळलेली दिसू लागली. अडखळणे होते तसेच राहिले.

मग मी स्ट्रीमची आकडेवारी पडद्यावर आणली, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. संगणकावरच्या मूनलाइटमध्ये त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबाव्या लागतात. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम शून्य होत्या, नेटवर्कचा विलंब १ मिलिसेकंद होता आणि लॅपटॉपवर फ्रेम उलगडायला सरासरी ३ मिलिसेकंद लागत होते. पण येणाऱ्या फ्रेम ६० ऐवजी ४८ ते ५३ होत्या, आणि पीसीच्या बाजूला प्रत्येक फ्रेमवर जाणारा वेळ ५ मिलिसेकंदांवरून अचानक २८ पर्यंत उडत होता. फ्रेम वाटेत हरवत नव्हत्या. त्या पीसीतूनच उशिरा निघत होत्या.

असे का होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. व्हिडिओ आवळणारा एन्कोडर, मग तो एनव्हिडियाचा एनव्हेंक असो, इंटेलचा क्विक सिंक असो किंवा एएमडीचा असो, चिपवर स्वतंत्र जागी असतो, आणि म्हणूनच गेमच्या भाराचा त्याच्यावर परिणाम होत नाही असे अनेकजण गृहीत धरतात. ते अर्धेच खरे आहे. एन्कोडरपर्यंत पोहोचण्यापूर्वी फ्रेम पडद्यावरून उचलावी लागते, स्ट्रीमच्या आकाराला बसवावी लागते आणि तिचे रंग व्हिडिओच्या पद्धतीत बदलावे लागतात. ही कामे सर्वसाधारणपणे कार्डाचा तोच भाग करतो जो गेमचे चित्र रंगवत असतो. तो भाग ९९ टक्के व्यग्र असेल तर ही किरकोळ कामे गेमच्या पुढच्या फ्रेममागे रांगेत उभी राहतात. ६० फ्रेमच्या स्ट्रीममध्ये एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. पीसीनेच २८ खाल्ले तर ती जागा रिकामी जाणारच.

हे मी दादाला सांगितले तेव्हा त्याने ग्राफिक्सच्या सेटिंग्ज ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणून दाखवल्या. अडखळणे तसेच राहिले, आणि त्याने निकाल देऊन टाकला: भार कमी करूनही फरक पडत नाही, म्हणजे कार्डाचा दोष नाही. हा युक्तिवाद वरवर इतका बिनतोड दिसतो की मीही आठवडाभर गप्प बसलो. त्यातली चूक अशी की भार कमी झालाच नव्हता. मर्यादा नसलेला गेम मोकळी झालेली ताकद आणखी फ्रेम तयार करण्यात घालवतो. पीसीवरचा आकडा ९५ वरून १३० वर गेला, आणि कार्ड पूर्वीइतकेच, म्हणजे ९९ टक्के व्यग्र राहिले. मी सेटिंग्ज पुन्हा ‘हाय’वर नेल्या, गेममध्ये ६० ची मर्यादा घातली आणि त्याच माळावर त्याच जागी जाऊन उभा राहिलो. कार्डाचा वापर ६५ टक्क्यांच्या आसपास आला, पीसीच्या बाजूचा वेळ ४ ते ६ मिलिसेकंदांत स्थिरावला आणि येणाऱ्या फ्रेम ६० वरून हलल्या नाहीत. बिटरेटही पुन्हा ४० वर नेला. राउटर बदलण्याची काहीच गरज नव्हती.

कार्डात भरपूर ताकद शिल्लक असली तरी मर्यादेचा फायदा होतोच. समजा गेम सेकंदाला ९० फ्रेम तयार करतो आणि स्ट्रीम ६० उचलतो. दर १६.६७ मिलिसेकंदांनी हाताशी असलेली ताजी फ्रेम उचलली, तर लागोपाठच्या दोन चित्रांमधले गेममधले अंतर एकदा ११.१ आणि एकदा २२.२ मिलिसेकंद भरते. पाठवलेल्या फ्रेम पूर्ण ६० असूनही हालचाल लंगडते, आणि डोळ्यांना ते तत्काळ जाणवते.

दादाचा दुसरा आक्षेप बटणाच्या प्रतिसादाबद्दल होता: फ्रेम जितक्या जास्त तितका विलंब कमी. टेबलावर बसून खेळताना, कार्डावर ताण नसेल तर, हे बरोबर आहे. पण कार्ड पूर्ण भरले की फ्रेमची रांग साचते आणि प्रत्येक फ्रेम शिळी होऊन बाहेर पडते. मग आकडा मोठा असूनही हात जड लागतो. वाद मिटवण्यासाठी मी फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केले, ज्यात एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची असते, आणि बटण दाबल्यापासून टीव्हीवर हालचाल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. मर्यादेविना २८ ते ४० फ्रेम भरल्या, मर्यादेसह २१ ते २४. किमान आकड्यापेक्षा त्यातली चढउतार कमी होणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ठरावीक विलंबाची हाताला सवय होते, बदलत्या विलंबाची होत नाही.

आता मर्यादा कोठून घालावी ते सांगतो. गेममध्ये सोय असेल तर तीच वापरावी, कारण तेथे गेम पुढची फ्रेम सुरू करण्यापूर्वीच थांबतो आणि विलंब सहसा सर्वांत कमी राहतो. ती नसेल किंवा डळमळीत असेल तर रिव्हाट्यूनर या वेगळ्या प्रोग्राममधली मर्यादा, आणि त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हरमधली, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली. व्ही-सिंकचा, म्हणजे फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवून धरणाऱ्या सोयीचा, वापर मर्यादा म्हणून करू नये. तो रांग वाढवतो. मूनलाइटमधले व्ही-सिंक आणि फ्रेम पेसिंगचे (फ्रेम समान अंतराने दाखवण्याचे) पर्याय फक्त पाहणाऱ्या यंत्रापुरते आहेत, त्यांनी पीसीवरचा भार हलका होत नाही. पीसीचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर स्ट्रीमच्या वेळी तो १२० किंवा ६० वर ठेवावा, कारण १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही.

काही अपवाद मात्र आहेत. टीव्ही आणि पाहणारे यंत्र दोन्ही खरोखर १२० झेपणारे असतील आणि कार्डाला १२० फ्रेम सहज जमत असतील, तर स्ट्रीमही १२० ची आणि मर्यादाही १२० ची ठेवावी. गेमला ६० स्थिरपणे जमत नसेल तर ३० ठेवावे. ४० हा आकडा फक्त १२० च्या स्ट्रीममध्ये नीट बसतो. ‘रिफ्रेश रेटपेक्षा (पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो त्यापेक्षा) तीन कमी ठेवा’ हा सल्ला बदलत्या रिफ्रेश रेटच्या मॉनिटरसाठी आहे. ६० च्या स्ट्रीमवर ५७ ठेवले तर सेकंदाला तीन जागा रिकाम्या जातील. टीव्ही ५९.९४ हर्ट्झवर चालत असेल तर सुमारे दर १७ सेकंदांनी एखादी फ्रेम गळेल, आणि ते मर्यादेने सुटणार नाही. आकडेवारीत नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम दिसत असतील, तर दोष खरोखर नेटवर्कचा आहे आणि माझे वरचे सारे म्हणणे आपल्याला लागू नाही.

पण ती आकडेवारी पाहण्यापूर्वी कोणी आपल्याला नवा राउटर घ्यायला सांगत असेल, तर त्याचे ऐकू नये. दादा आजही आपल्या टेबलावर मर्यादेविना खेळतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. टीव्हीवर खेळायला बसला की मात्र आता तो स्वतःच ६० निवडतो.