ताई, जरा विचारायचं होतं : चर्चच्या भिंतीला लागून घर

या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, चारही सोलापूरकडचीच, म्हणून एकत्र घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूर शहरातली, लग्न होऊन दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या खेड्यात आले. आमच्या परसाला लागून चर्च आहे आणि मागं त्यांची दफनभूमी, मधी फक्त कमरेएवढी दगडी भिंत. दिवसा काही वाटत नाही, उलट दुपारी विड्या वळायला आम्ही बायका सूप घेऊन त्या भिंतीकडच्या लिंबाखालीच बसतो. पण रात्री चिंचेवर पिंगळा ओरडतो आणि सासूबाई म्हणतात अपशकुन हाय, पोराला परसात सोडू नको. शिवाय आमचा बोअर भिंतीच्या अगदी जवळ आहे, ते पाणी प्यायचं का? नवरा म्हणतो तुला शहरातली सवय, म्हणून डोक्यात असलं येतं.

उत्तर : नवऱ्याला सांगा, बोअरची शंका एकदम बरोबर आहे, शहराचा काही संबंध नाही. पण आधी पिंगळ्याचं बघू. वीतभर घुबड ते, अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, जुन्या चिंचेच्या ढोलीत जोडीनं राहतं आणि किडे, पाली, उंदीर खातं. तुमच्या घरात ज्वारीची पोती असतील तर तो फुकटचा राखणदार आहे. सासूबाईंशी वाद घालत बसू नका, एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनाच घेऊन भिंतीपाशी उभ्या राहा, दोघं फांदीवर येऊन माना वरखाली करत आपल्याकडेच बघत बसतात, ते बघून म्हातारी माणसंपण हसतात. फक्त पोरांना दगड मारू देऊ नका, घुबडांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

पोराला रात्री परसात सोडू नका हे मात्र मीपण म्हणेन, कारण वेगळं. दोन कबरींच्या मधल्या गवतात कुणाचा पाय पडत नाही, पावसाळ्यानंतर ते गुडघ्याएवढं होतं आणि आपल्या भागात घोणस, नाग कमी नाहीत. बॅटरी हातात असू द्या.

आता पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या एका अहवालात पिण्याच्या विहिरी-बोअरपासून दफन किमान 250 मीटर लांब असावं असं सुचवलंय. आपल्या खेड्यात एवढी जागा कुठली, गाव आणि दफनभूमी दोन्ही जुनी, बोअर नंतर आले. पण म्हणून उठून घाबरायचं नाही, तपासायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना द्या, जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही बघायला सांगा, कारण पाणी उकळून जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही. आणि खरं सांगू का, नायट्रेट निघालं तर एकट्या दफनभूमीवर बिल फाडू नका, उकिरडा, संडासचा शोषखड्डा आणि उसाला टाकलेला युरिया हे तिघंपण तेवढेच संशयित आहेत. रिपोर्ट येईपर्यंत प्यायला नळाचं घ्या, बोअर धुण्याभांड्याला.

प्रश्न : शेजारच्या ख्रिश्चन काकूंचे मिस्टर गेले. मातीला जावं असं खूप वाटत होतं पण तिथं काय करायचं ते माहीत नाही म्हणून घरातच बसले, आता काकूंसमोर जायला लाज वाटते.

उत्तर : आजच जा हो. काकूंना तुम्ही मातीला नव्हता हे आठवत असेलही, पण दार उघडल्यावर तुम्ही दिसलात की पुरे. जाताना पिठलं-भाकरी, शेंगाचटणी असं काहीतरी घेऊन जा, दुःखाच्या घरी शेजारच्यांनी जेवण द्यायची रीत आपल्याकडं सगळ्यांचीच आहे. "सलाम काकू" म्हणालात तर त्यांना बरं वाटेल, मराठी ख्रिस्ती मंडळी एकमेकांना तसंच म्हणतात.

पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते. साधे कपडे, हातात फुलं. गुलाल, हळदकुंकू नको. प्रार्थना चालू झाली की सगळे उभे राहतात तसं उभं राहायचं, शब्द आले नाहीत तरी चालतं. आणि गाणी ऐकून तुम्हाला परकं वाटणारच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861-1919) अभंगाच्या, भजनाच्या चालीत रचलेली पदं आजही आपल्या चर्चमधून पेटी-तबल्यावर म्हणतात, भिंतीपलीकडून ऐकलं तर आपल्याच गल्लीतलं भजन वाटावं. शवपेटी खाली सोडल्यावर प्रत्येकजण मूठभर माती टाकतो, तुम्हीपण टाका, कुणी अडवत नाही. घरी येऊन आंघोळ करायची तर करा, तुमच्या घरचा प्रश्न, फक्त त्यांच्या दारात उभं राहून "आता आंघोळ करावी लागणार" असं मोठ्यानं बोलू नका. मी हे कानानं ऐकलंय म्हणून लिहिते.

प्रश्न : सलाम ताई. आमच्या आजोबांच्या कबरीचा दगड एका बाजूला कललाय, अक्षरंपण दिसत नाहीत. ईस्टरच्या आधी ॲसिडनं धुवून सिमेंट ओतून पक्कं करावं का?

उत्तर : ॲसिड अजिबात नको! संगमरवर असेल तर ॲसिड दगडच खातं, अक्षरं आणखी जातील. तारेचा ब्रशपण नको. साधं पाणी, मऊ ब्रश आणि वेळ. अक्षरं वाचायची तर सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरताना जा, तिरप्या उजेडात खाचांत सावली पडते आणि दुपारी कोरी दिसणारी ओळ वाचता येते. आधी फोटो काढा, वहीत उतरवून घ्या, मग बाकीचं.

दगड कलतो तो आपल्या काळ्या मातीमुळं. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दरवर्षी हेच, मग दगड काय सरळ राहणार. नुसतं वरून सिमेंट ओतलं तर तेपण तडकतं. गवंड्याला सांगा, दगड अलगद उचलून खालची काळी माती काढायची, मुरूम भरून चोपायचा, मग दगड बसवायचा. आधी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि मंडळीच्या पंचांना विचारा, शेजारची कबर हलली तर नसतं भांडण. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मधी कधीही, त्यामुळं कॅलेंडर बघून गवंडी धरा, त्या दिवसांत तो बांधकामावर असतो.

प्रश्न : आमच्या शेळ्या भिंतीवरून उडी मारून आत जातात, कबरीवरची फुलं खातात. पाळकसाहेब म्हणाले केस करीन. खरंच होते का?

उत्तर : भारतीय न्याय संहितेत कलम 301 आहे, दफनाच्या जागेत घुसण्याबद्दलचंच, पण ते कुणाच्या भावना दुखवायच्या हेतूनं किंवा दुखावतील हे माहीत असताना घुसणाऱ्या माणसासाठी. शेळीला हेतू नसतो. तुम्हाला मात्र आता माहीत आहे, साहेबांनी तोंडावर सांगितलंय, तेव्हा शेळ्या दाव्याला बांधा. आणि त्यांनाच विचारा, आतलं गवत विळ्यानं कापून नेऊ का म्हणून. बहुतेक हो म्हणतील, नाहीतर त्यांना मजूर लावून ते काढावं लागतं.