अकरावीच्या साहित्यवर्गाचे नियम इतके कडक कशाला? सही करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात मुलगा अकरावी कला शाखेला आहे. कॉलेजात नेहमीच्या मराठीच्या तासांशिवाय साहित्याचा एक वाढीव वर्ग चालतो, त्यात त्याची निवड झाली आणि पहिल्याच आठवड्यात नियमांची दोन पानं घरी आली. पंधरवड्याला एक पुस्तक, गाईड बंद, मोबाइल बंद, उशिरा दिलेल्या टिपणाचे गुण कापणार, काही पुस्तकांत शिवराळ भाषा आणि जातीचे उल्लेख असतील, आणि खाली पालकांची सही. एवढा जाच कशाला, आणि यापायी बारावीचे गुण तर जाणार नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो आणि असाच एक वर्ग चालवतो. म्हणजे असले कागद मी स्वतःच काढतो. माझं माप शिक्षकाकडे झुकणार, ते धरून वाचा.

गुणांचं आधी उरकतो. बोर्डाला मराठीचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी. वाढीव वर्गातले गुण त्या गुणपत्रिकेवर कुठेच येत नाहीत. तेव्हा ‘गुण कापणार’ हे वाचून दचकू नका. उलट कृतिपत्रिकेत स्वमत आणि रसग्रहण म्हणून जे विचारतात, तिथे वर्षभर वाचलेल्या पोराचा हात बरा चालतो. पण समास, प्रयोग, अलंकार या वर्गात कोणी घोटून घेत नाही. काही मुलं कथा-कवितांत इतकी रमतात की व्याकरणाचे हातचे गुण घालवून बसतात. तेवढ्यावर लक्ष ठेवा.

आता तो कागद. मुलाकडून काय काय मागितलंय ते पालक आधी मोजतात. मी म्हणेन, शिक्षकाने स्वतःवर काय बांधून घेतलंय ते शोधा. टिपण किती दिवसांत तपासून मिळणार? नुसती लाल खूण, की दोन ओळींचा शेरा? शेरा वाचून पुन्हा लिहायची सोय आहे का? पंधरवड्याला पुस्तक वाचायला लावायचं आणि वही दिवाळीनंतर परत द्यायची, असं जिथे चालतं तिथे पोरं दुसऱ्या महिन्यापासून पाट्या टाकायला लागतात. आणि त्यांचं काय चुकतं? आमच्या कागदावर ‘आठ दिवसांत वही परत’ असं लिहिलेलं आहे. ते पाळताना माझे रविवार जातात, घरी बोलणी बसतात, पण ते कलम काढलं तर बाकीची कलमं मागायचा मला अधिकार नाही. तुमच्या कागदात ते नसेल तर सही करण्याआधी सरांना किंवा मॅडमना भेटून एवढंच विचारा. भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा. उत्तर देताना चेहरा कसा होतो त्यावरून वर्ग कसा चालणार ते कळेल.

गाईडबंदीच्या कलमाला मी अजिबात हात लावू देणार नाही. पूर्वी गाईड आणि ‘अपेक्षित’ यांचाच त्रास होता, आता चॅटजीपीटीची भर पडली. मागे एका कवितेवरच्या टिपणांत तीन वह्यांमध्ये एकच वाक्य आलं: ‘कवी मानवी अस्तित्वाच्या गुंतागुंतीचा सखोल वेध घेतो.’ तिघं तीन गावांहून एसटीने येणारी, एकमेकांच्या वह्या बघायचा प्रश्नच नाही. त्यातल्या एकीला म्हटलं, ‘ही गुंतागुंत कुठल्या ओळीत आहे, बोट ठेव बघू.’ ती बराच वेळ कविता वर-खाली बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘सर, कवितेत तसं काय न्हाई, पण उत्तरात बसतंय.’ पोरगी खरं बोलली. उत्तरात काय बसतं, हेच आपण तिला दहा वर्षं शाळेत शिकवलेलं असतं.

याच्या उलट एक सांगतो. आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतो. १९५५ची कादंबरी, मुलूख आमच्याच आटपाडीकडचा. निम्म्या वर्गाकडून ‘माणदेशी जीवनाचे प्रत्ययकारी चित्रण’ येतं, ते मी न वाचताच ओळखतो. एका वर्षी घरची मेंढरं असलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘मेंढरं घेऊन बाहेर पडणं आमच्यात दर सालचं हाय. मग हितं शेवटाला दुष्काळात मान्सं गाव सोडत्यात तवा ती परत येणार न्हाईत आसं का वाटतं, ते कुठल्या ओळीपासनं वाटाय लागतं ते मला घावंना.’ शुद्धलेखन असं, आणि प्रश्न असा. त्यावर आमचा अख्खा तास गेला, वर्गाने शेवटची पानं मागून पुढे वाचून काढली. कोणी एका ओळीवर बोट ठेवलं, कोणी दुसऱ्या. एकमत झालं नाही. असा प्रश्न गाईड उघडलेल्या मुलाला पडतच नाही, कारण तिथे उत्तर आधी मिळतं.

तुम्ही स्वतः टिपण लिहून देत असाल तर तेही बंद करा. एका वडिलांनी लेकीला कथेवरचं टिपण सांगून लिहून घेतलं होतं. अक्षर तिचं, भाषा तलाठी दप्तराची: ‘सदर कथेत नमूद केल्याप्रमाणे...’

उशिराचं कलम मात्र वाटाघाटीचं आहे, आणि तिथे मी पालकांच्या बाजूने आहे. आमच्या तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत घरची द्राक्षबाग असलेलं पोर कधी बागेत असेल सांगता येत नाही. तुमच्याकडे आल्याच्या, उसाच्या कामाला तसंच होत असणार. शिवाय एसटी चुकली की तास गेला. मी एवढंच ठेवलंय: मुदतीच्या आधी सांगितलं तर तीन दिवस जास्त, कारण विचारणार नाही. मुदत टळल्यावर सांगितलं तर आजीसुद्धा आजारी पडलेली चालत नाही. ही सवलत तुमच्या कागदात नसेल तर मागून घ्या, बहुतेक शिक्षक देतात. ७५ टक्के हजेरीचं वेगळं. तो बोर्डाचा नियम, त्यात सरांच्या हातात फारसं काही नसतं.

शिवराळ भाषेचं तुम्ही फार मनावर घेऊ नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने असले शब्द स्टँडवर रोज ऐकलेले असतात. कवी बा. सी. मर्ढेकर मूळचे तुमच्याच जिल्ह्यातल्या मर्ढ्याचे. त्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला चालला, त्यातून ते निर्दोष सुटले आणि पुढे त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांत लागल्या. जातीच्या उल्लेखांची मात्र काळजी हवी. अण्णा भाऊ साठ्यांचं जन्मगाव वाटेगाव आमच्या वाळवा तालुक्यात, त्यामुळे त्यांच्या कथा-कादंबऱ्या शिकवायच्या म्हटलं की पुस्तकातली माणसं आणि बाकावरची मुलं यांत अंतर फारसं उरत नाही. माझा नियम साधा आहे: पुस्तकातला शब्द पुस्तकातल्या ओळीबरोबरच उच्चारायचा. मधल्या सुट्टीत तो कुणाला चिकटवला तर चिकटवणाऱ्याला त्या दिवसापासून वर्ग बंद, आणि त्यात माफीनामा वगैरे चालत नाही. असं कलम कागदात आहे का बघा. नसलं तर हे मी वही परतीच्या कलमाइतकंच महत्त्वाचं धरेन. आणि एखादं पुस्तक मुलाला खरंच सोसत नसेल, घरात तसं काही घडून गेलं असेल, तर शिक्षकाला एकट्यात सांगा. दुसरं पुस्तक देता येतं.

मोबाइलबंदीवर काय बोलायचं? बरोबरच आहे.

पुस्तकं विकतच घ्या अशी सक्ती असेल तर मात्र हरकत घ्या. कॉलेजचं ग्रंथालय असतं, साताऱ्याला नगर वाचनालय आहे. आणि महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे, पाचगणीपासून जवळच. तिथे लोकांच्या घरांत, पडवीत पुस्तकं मांडून ठेवलेली असतात, बसून फुकट वाचता येतात. मुलाला घेऊन सकाळी लवकर निघालात तर एखादी छोटी कादंबरी संपवून संध्याकाळी घरी याल. फक्त स्ट्रॉबेरीच्या हंगामातले शनिवार-रविवार टाळा, घाटातच निम्मा दिवस जातो.