टॉवर नसेल तर माझ्या लेकीला सांगणार कोण?

औसा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, मराठी माध्यमात शिकली, स्वभावानं अबोल. तिला वैमानिक व्हायचंय आणि वडील त्यासाठी दोन एकर रान विकायला तयार आहेत. पण शिकाऊ विमानं टॉवर, म्हणजे विमानांना उड्डाणाची आणि उतरण्याची परवानगी देणारा नियंत्रण कक्ष, नसलेल्या धावपट्ट्यांवरूनही उडतात, हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. ते विचारतात, ‘तिथे विमानं एकमेकांवर आदळू नयेत हे बघतं कोण? आणि माझं न बोलणारं लेकरू रेडिओवर इंग्रजीत काय बोलणार?’

नमस्कार दादा,

आधी रानाचं बोलते. सातबाऱ्याला हात लावायच्या आत डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडून लेकीची क्लास टू वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्याला पुढे क्लास वन लागतं. डोळे, कान, हृदय यांत अडचण निघाली तर ती आत्ताच कळलेली बरी. फी भरून झाल्यावर कळली तर रानही गेलं आणि परवानाही.

आता तुमचा खरा प्रश्न. टॉवर नसलेल्या विमानतळावर परवानगी देणारं कुणीच नसतं. एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते आणि आसपास उडणारा प्रत्येक वैमानिक तिच्यावर स्वतःहून सांगत राहतो: विमानतळाचं नाव, आपल्या विमानाची ओळख, आपण कुठे आहोत, किती उंचीवर, कुठली धावपट्टी घेणार, उतरणार की उडणार. साधारण दहा मैलांवरून पहिला निरोप. मग धावपट्टीला समांतर उडताना, म्हणजे डाउनविंडला; तिथून धावपट्टीच्या काटकोनात, म्हणजे बेसला वळताना; सरळ रेषेत, फायनलला आल्यावर; आणि उतरून धावपट्टी मोकळी केल्यावरही. खाली फ्लाइंग स्कूलचा कुणी रेडिओवर असला तर तो वारा आणि दृश्यमानता सांगतो. ती माहिती असते, परवानगी नव्हे. उतरायचं की परत वर जायचं, हे विमानातल्या माणसानंच ठरवायचं.

उत्तर आलं नाही म्हणजे आकाश मोकळं आहे, असं धरून चालत नाही. समोरच्याचा रेडिओ बिघडलेला असेल, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असेल. म्हणून कानाइतकेच डोळे बाहेर लागतात.

१९ नोव्हेंबर १९९६ ला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी विमानतळावर काय झालं, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या लेकीला काय शिकायचंय ते त्यात आहे. तिथे त्या वेळी टॉवर नव्हता. एक छोटं प्रवासी विमान उतरायला येत होतं. त्याच्या धावपट्टीला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी किंग एअर जातीचं एक विमान उड्डाणासाठी उभं होतं आणि त्याच्या मागे चेरोकी जातीचं एक छोटं विमान. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी वेळोवेळी निरोप दिले होते. त्यांनी विचारलंही की, तुम्ही थांबणार आहात की निघणार? उत्तर आलं, थांबलोय. पण ते उत्तर चेरोकीचं होतं. शेवटचे काही शब्द प्रवासी विमानातल्याच इशारायंत्राच्या आवाजात बुडाले आणि वैमानिक समजले, किंग एअरच बोललं. किंग एअर मात्र निघतोय असं न सांगताच धावायला लागलं. दोन्ही विमानं धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. दोन्हींतले सगळे १४ जण गेले.

मला यात सगळ्यात जास्त सलतं ते किंग एअरच्या गप्पपणाइतकंच चेरोकीचं उत्तर. प्रश्न आपल्याला नव्हता, हे त्या वैमानिकाच्या ध्यानात आलं नाही. आणि ऐकणाऱ्यांनी ‘कोण बोलतंय, पुन्हा सांगा’ असं विचारलं नाही.

टॉवर असला की निर्धास्त, असंही समजू नका. २६ एप्रिल १९९३ ला आपल्या औरंगाबादला, टॉवर असलेल्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ मुंबईला निघालं. धावपट्टीच्या पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला त्याची धडक बसली. ५५ माणसं गेली. विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हा वैमानिकांचा दोष चौकशीत निघाला. उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं थांबवली नव्हती, हाही निघाला.

इंग्रजीचं म्हणाल तर ते मला सगळ्यात कमी काळजीचं वाटतं. रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात, आकडे एकेक करून म्हणायचे असतात. अक्षरांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी नावं असतात. आंतरराष्ट्रीय मापात सहा पातळ्या आहेत, चौथी गाठली की पुरते. मात्र रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या, म्हणजे आरटीआर परीक्षेत तोंडी विचारतात आणि तिथे पुष्कळ मुलं अडखळतात. लेकीला आजपासून रोज अर्धा तास मोठ्यानं इंग्रजी वाचायला लावा, घरच्यांना ऐकू जाईल असं.

अबोल असणं हा या कामात दोष नाही. उगाच बडबडणारा माणूस फ्रिक्वेन्सी अडवून ठेवतो आणि दोघांनी एकदम बटण दाबलं तर कुणाचंच नीट ऐकू येत नाही. पण तिला एक विचारा: वर्गात कळलं नाही तर ती हात वर करते का? सर चुकीची आकडेमोड करत असतील तर सांगते का? नाही म्हणाली तर ओरडू नका. ही सवय लागते, पण ती शिकवणीत नाही, घरात लागते. मोठ्यांचं चुकलेलं तिनं दाखवलं तर तुम्ही ऐकून घ्या. पुढे शेजारी ज्येष्ठ प्रशिक्षक बसलेला असेल आणि तिला धावपट्टीवर दुसरं विमान दिसलं, तर तिनं बोललंच पाहिजे.

परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. दोन एकरांत तो भागेल का, याचा हिशेब कागदावर मांडा. रायबरेलीजवळच्या सरकारी संस्थेची, इग्रुआची, प्रवेश परीक्षा तिला देऊ द्या. खासगी स्कूल बघायला गेलात तर चालू स्थितीतली विमानं किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या मुलांचे २०० तास किती महिन्यांत झाले, हे तिथल्याच मुलांना बाहेर गाठून विचारा. एकरकमी फी भरू नका.

आणि तिला विमानांइतकीच ही बोलण्याची, ऐकण्याची शिस्त आवडली, तर टॉवरमधली नोकरीही आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केलं की विमानतळ प्राधिकरणाची एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची, परीक्षा देता येते. वयाची अट खुल्या गटाला २७ वर्षं. तिथे आवाजाचीही चाचणी होते. त्यासाठी रान विकावं लागत नाही.

क्लास टूचा निकाल हातात आला की मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.